आधी चौकट, मग लेन्स

लाइट्झ कंपनीने १९५४ मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात लायका एम३ मांडला, तेव्हा तीन लेन्सचा हिशेब त्या कॅमेऱ्याच्या आतच पक्का करून ठेवलेला होता. ५०, ९० आणि १३५ मिलिमीटर. या तीन मापांच्या उजळ चौकटी त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये होत्या, चौथी नव्हती. आज इतक्या वर्षांनी हा कॅमेरा कुणाच्या हाती पडतो तेव्हा बहुधा नुसती बॉडीच मिळालेली असते, आणि लगेच प्रश्न उभा राहतो की पहिली लेन्स कोणती घ्यायची. सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी जर्मन काचेची शपथ घेतो, कुणी एफ १.४ पेक्षा कमी घेऊच नको म्हणतो, कुणी एखाद्या जुन्या लेन्सच्या पार्श्वभूमीतल्या धुकट गोळ्यांवर तासभर बोलतो. माझ्या मते या सगळ्याच्या आधी कॅमेऱ्याला डोळा लावावा आणि आत कोणती चौकट दिसते ते पाहावं. रेंजफाइंडर कॅमेऱ्याची पहिली लेन्स तिथेच ठरते.

याचं कारण या कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो, म्हणजे लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. आपण बाजूच्या एका वेगळ्या खिडकीतून पाहतो आणि त्या पाहण्यात लेन्सचा काही भाग नसतो. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीतलं जग लख्खच दिसतं. त्यात नाकासमोरचा माणूस आणि मागचा डोंगर दोन्ही सारखेच स्पष्ट असतात. अ‍ॅपर्चर उघडल्याने मागचं किती पुसट होईल ते फिल्म धुतल्यावर कळतं. फोकससाठी मधोमध एक लहानसा उजळ तुकडा असतो. त्यात दोन प्रतिमा दिसतात, लेन्स फिरवत त्या एकमेकींवर बसवायच्या. लेन्सच्या मागच्या कडेवर टेकलेली चकती पुढेमागे होते आणि त्या हालचालीने दुसरी प्रतिमा सरकते.

म्हणजे बटण दाबण्याच्या आधी लेन्स तुम्हाला प्रत्यक्ष काय देते? एक उजळ आयत. एम मालिकेत लेन्स बसवली की तिच्या मागच्या धातूच्या कडेची ठेवण आतल्या एका तरफेला ढकलते आणि त्या मापाची चौकट खिडकीत उभी राहते. फोकस जवळ आणला की ही चौकट तिरकी खाली सरकते, कारण खिडकी आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्याने जवळच्या वस्तूबाबत त्यांच्या नजरेत फरक पडतो. फोटो काढताना तुम्ही तासन् तास याच आयतात पाहणार असता. तो ऐसपैस, स्वच्छ आणि डोळ्याला सुखाचा हवा.

एम३ ची खिडकी ०.९१ पट आहे, म्हणजे तिच्यातून जग जवळजवळ नुसत्या डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं. उजवा डोळा खिडकीला लावून डावाही उघडा ठेवला तर समोरच्या रस्त्यावर ५० ची चौकट तरंगताना दिसते. ही चौकट एम३ मध्ये कायम असते, ९० किंवा १३५ लावली तरी जात नाही. त्या दोघी तिच्या आत उमटतात. हा कॅमेरा ५० साठीच बनला आहे असं मी म्हणतो ते यावरून. त्याच्यावर पहिली लेन्स म्हणून ३५ घेणं म्हणजे पहिल्या दिवसापासून खिडकीशी भांडण. ३५ ची चौकट तिथे नाही, मग कॅमेऱ्याच्या वरच्या खाचेत वेगळा फाइंडर चढवायचा, फोकस एका खिडकीतून आणि मांडणी दुसऱ्या खिडकीतून करायची. सरावलेल्या माणसाला ते जमतं. नवख्याचं लक्ष मात्र माणसांवरून उडून यंत्रावर जातं.

ही अडचण लाइट्झच्याही लक्षात आली असणार. १९५८ साली आलेल्या एम२ मध्ये खिडकी ०.७२ पट केली आणि चौकटी ठेवल्या ३५, ५० आणि ९० च्या. एम२ हातात असेल तर पहिली लेन्स ३५ घ्यावी, कारण त्या खिडकीत ३५ ची चौकट भरपूर मोठी आणि तरीही कडेला थोडी जागा राखून बसते. चौकटीबाहेरचं दिसणं हे रेंजफाइंडरचं खरं वैभव आहे. कुणी चौकटीत शिरणार आहे हे तो शिरण्याआधीच कळतं. १९६७ च्या एम४ मध्ये १३५ ची भर पडली. १९८४ च्या एम६ मध्ये चौकटी जोडीने येतात: २८ सोबत ९०, ३५ सोबत १३५, ५० सोबत ७५. एम६ च्या ०.७२ खिडकीत २८ ची चौकट अगदी कडेला टेकते. चष्मा लावणाऱ्याला तिच्या चारही बाजू एका नजरेत दिसत नाहीत. चष्मेवाल्या वाचकांनी २८ घेण्याआधी स्वतःचा चष्मा लावूनच खिडकीत पाहावं, दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

एम मालिकेच्या आधीचे, आटे फिरवून लेन्स बसवायचे लायका याहूनही स्पष्ट बोलतात. १९३३ च्या लायका ३ पासून आयआयआयएफपर्यंत फोकसची खिडकी वेगळी आणि पाहण्याची वेगळी, आणि पाहण्याची खिडकी फक्त ५० ची. तिथे पहिल्या लेन्सचा प्रश्नच उरत नाही. १९७३ चा छोटा लायका सीएल ४० मिलिमीटर लेन्सभोवती बांधलेला आहे. जपानच्या कोसिना कंपनीने फोक्टलेंडर या जुन्या नावाने काढलेल्या बेसा आर३ए ची खिडकी अगदी १ पट आणि तिच्यात ४०, ५०, ७५, ९०. सीएलची ४० ची सुमिक्रॉन-सी लेन्स छोटी, हलकी आणि फार चांगली आहे, म्हणून एम कॅमेऱ्यासाठी तिची शिफारस वारंवार होते. पण एम बॉडीवर ती ५० ची चौकट उभी करते. फिल्मवर दरवेळी चौकटीपेक्षा बरंच जास्त येतं. पहिली लेन्स म्हणून मी ती एमसाठी सुचवणार नाही.

आता ५० आणि ३५ यांच्या स्वभावाबद्दल. पस्तीस एमएम फिल्मच्या २४ गुणिले ३६ मिलिमीटर फ्रेमचा कर्ण ४३ मिलिमीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे ‘नैसर्गिक’ समजलं जाणारं माप या दोघींच्या मधे कुठेतरी पडतं. ५० ची नजर कर्णावर सुमारे ४७ अंश, ३५ ची ६३. आकड्यांत फरक लहान वाटतो, पण ५० मध्ये एक माणूस आणि त्याचं काम मावतं, तर ३५ मध्ये माणूस, त्याचं काम आणि त्याची खोली. ५० ने काढताना दोन पावलं मागे जावं लागतं, आणि मागे भिंत असली की संपलं. मुंबईतल्या चाळीच्या खोलीत किंवा पुण्याच्या जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला ३५ का लागते हे वेगळं सांगायला नको.

तरीही ऑन्री कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यातली बहुतेक छायाचित्रं ५० नेच काढली, ३५ आणि ९० क्वचित. १९४७-४८ मध्ये तो भारतात होता. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकापाशी मृत्यूची बातमी सांगणारे नेहरू आणि नंतरची अंत्ययात्रा त्याने टिपली. त्याच्या कामात गर्दी आहे, अरुंद गल्ल्या आहेत, दूरची क्षितिजं आहेत. ५० ने सगळं जमत नाही म्हणणाऱ्याने त्याचं एक पुस्तक नीट उलगडून पाहावं. दुसऱ्या टोकाला गॅरी विनोग्रँड. न्यूयॉर्कच्या फुटपाथांवर तो एम४ वर २८ लावून फिरायचा, आणि एम४ मध्ये २८ ची चौकट नाही. सराव एवढा मुरला की खिडकीची मर्यादाही ओलांडता येते, पण तो सराव वर्षानुवर्षांचा असतो.

३५ च्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा फोकसचा आहे. अ‍ॅपर्चर एफ ८ वर आणि फोकस ३ मीटरवर ठेवून दिला तर ३५ मध्ये साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरच्या पुढपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तेच ५० मध्ये २.३ पासून ४.२ मीटरपर्यंत. उन्हाळी दुपारी ४०० च्या फिल्मवर एफ ८ सहज मिळतो, म्हणून ३५ वाला बाजारात फोकसला हातही न लावता फिरू शकतो. ५० वाल्याला दरवेळी दोन प्रतिमा जुळवाव्या लागतात. ज्याला रस्त्यावरचं जीवनच टिपायचं आहे आणि ज्याच्याकडे एम२, एम४ किंवा एम६ आहे, त्याने ३५ घ्यावी.

आता कंपनी कोणती? इथे एक मिलिमीटरची गंमत उपयोगी पडते. जुन्या आटेवाल्या लायकात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिलिमीटर, एममध्ये २७.८. म्हणजे बरोबर १ मिलिमीटर जाडीची कडी बसवली की आटेवाली कुठलीही लेन्स एमवर चढते, फोकसची जोडणीही चालू राहते आणि योग्य कडी निवडली तर योग्य चौकटही उभी राहते. या एका कडीमुळे १९३० च्या दशकापासूनच्या शेकडो लेन्स तुमच्यासाठी खुल्या होतात: लाइट्झच्या, कॅननच्या, निक्कोरच्या, सोव्हिएत कारखान्यांच्या. कडी घेताना ती ५० साठीची आहे की ३५ साठीची हे नक्की विचारून घ्या.

जपानी लेन्सबद्दल कुणी नाक मुरडलं तर १९५० सालची हकीकत सांगावी. ‘लाइफ’ मासिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन तेव्हा टोकियोत होता. जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने त्याचा एक फोटो ८५ मिलिमीटर एफ २ निक्कोरने काढून दाखवला. त्याची धार पाहून डंकनने थेट निक्कोर बनवणाऱ्या निप्पॉन कोगाकूचा कारखाना गाठला, तिथल्या लेन्स तपासल्या आणि थोड्याच दिवसांत सुरू झालेल्या कोरियन युद्धात त्याच्या लायकावर निक्कोर लेन्स चढल्या. जपानी काचेला पाश्चात्त्य व्यवसायात जागा मिळण्यात या एका निर्णयाचा मोठा वाटा होता. कॅननच्या आटेवाल्या ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स आजही त्याच कुळातल्या समजाव्यात. नवी लेन्स वॉरंटीसह हवी असेल तर कोसिना फोक्टलेंडरच्या ३५ आणि ५० च्या लेन्स आणि त्यांच्याच कारखान्यात होणाऱ्या झाइसच्या झेडएम मालिकेतली प्लानार ५० एफ २ किंवा बायोगॉन ३५ एफ २ डोळे मिटून घ्याव्यात अशा आहेत. मी स्वतः नवशिक्याला जुन्या नावापेक्षा या लेन्स आधी सुचवतो.

सोव्हिएत लेन्सचं दुखणं वेगळं आहे. ज्युपिटर-८ ही लुडविग बेर्टेलेच्या झाइस झोनार ५० एफ २ वर बेतलेली सुंदर लेन्स आहे आणि तिचे आटे लायकात बसतातही. पण फोकसच्या जोडणीचा तिचा हिशेब लायकाच्या हिशेबाशी तंतोतंत जुळत नाही. दूरच्या दृश्यात काही कळत नाही. दीड मीटरवर एफ २ ला चेहरा काढला की डोळ्यांऐवजी दुसरंच काही स्पष्ट येतं. झॉर्की किंवा फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर तीच लेन्स बिनचूक चालते. तिथे ती पहिली लेन्स म्हणून उत्तमच. ज्युपिटर-१२ ही ३५ ची लेन्स घेताना तिचं मागचं भिंग बघा: ते बॉडीत खोल शिरतं, आणि लायका एम५ व सीएलमध्ये शटरसमोर येणाऱ्या मीटरच्या दांडीला ते भिडू शकतं.

लेन्स जास्तीत जास्त किती उघडणारी असावी, यावर माझं मत ठाम आहे: पहिल्या लेन्सला एफ २ पुष्कळ झाला, एफ २.८ सुद्धा चालतो. एफ १.४ दुप्पट प्रकाश देते हे खरं, पण तिची किंमत, वजन आणि जाडीही वाढते, आणि जाड लेन्स खिडकीचा उजवा खालचा कोपरा झाकते. त्यावर हूड चढवला की आणखी. ज्या चौकटीसाठी आपण एवढा विचार केला तिचाच एक कोपरा गेला. शिवाय ५० एफ १.४ ने एक मीटरवर चेहरा काढला तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटर असते, एफ २ ला पाचच्या आसपास. समोरचा माणूस श्वास घेताना पुढे झुकला तरी फोकस हलतो. आणि आरसा नसल्याने धक्का नाही, म्हणून स्थिर हाताने १/१५ सेकंदही सांभाळता येतो. प्रकाशाची तूट बरीचशी तिथेच भरून निघते. झोनार पद्धतीच्या एफ १.५ लेन्समध्ये आणखी एक खोड आहे: अ‍ॅपर्चर बंद करत नेलं की फोकसची जागाच मागे सरकते. एसएलआरवर हे पाहता येतं, इथे येत नाही. त्या लेन्स मला अतिशय आवडतात, पण त्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या.

जुनी लेन्स घ्यायची तर तिची तब्येत तपासणं हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि आपल्याकडे तर फारच. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये चार महिने बंद राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरून समोरून पाहा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडून मधे पसरत जाणारी दिसते. सुरुवातीची असेल तर साफ होते. जुनी असेल तर काचेवरचा थर खाऊन टाकते आणि खुणा कायम राहतात. धुकं याहून फसवं. साध्या उजेडात लेन्स स्वच्छ वाटते, टॉर्च लावला की आत दुधाळ पडदा दिसतो. तशी लेन्स उन्हात काढलेला प्रत्येक फोटो फिका करते. कॅनन ५० एफ १.८ मध्ये अ‍ॅपर्चरच्या लगतच्या भिंगावर हा दोष वारंवार आढळतो, तिथे मुद्दाम पाहावं. १९५३ पासूनच्या आत ढकलता येणाऱ्या सुमिक्रॉनचं पुढचं भिंग मऊ असल्याने रुमालाने पुसून पुसून त्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं झालेलं असतं. एखाददुसरा ठळक ओरखडा परवडला, तो फोटोत बहुधा उमटतही नाही. हे बारीक जाळं मात्र लेन्सचा कस घालवतं. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर थोडं तेल असलं तर घाबरायचं कारण नाही. फोकसची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारख्या ओढीने फिरली पाहिजे. मधेच जड, मधेच सैल लागली तर आतलं ग्रीस सुकलेलं असतं.

फोर्टातल्या बोराबाजारात किंवा दुसरीकडे कुठे लेन्स पसंत पडली तर एक रोल काढून पाहीपर्यंत परत करण्याची मुभा मागावी. त्या रोलवर तीनच गोष्टी तपासायच्या. एक मीटरवर, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, तिरक्या धरलेल्या वर्तमानपत्राची कुठली ओळ स्पष्ट आली. तीच चाचणी तीन मीटरवर. आणि सूर्य कडेला ठेवून एक दृश्य. पहिल्या दोन्हींत ओळ चुकली तर दोष लेन्सचा की कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरचा, हे दुसरी लेन्स लावून कळतं. घरी आणल्यावर चामड्याची केस बाजूला ठेवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत लेन्स ठेवा, आणि पावसाळ्यातही दर आठवड्याला बाहेर काढून वापरा.

दुसऱ्या लेन्सची घाई करू नये. वर्षभर एकाच चौकटीतून पाहिलं की ती कॅमेरा न उचलताही दिसू लागते. कुठे उभं राहायचं ते पाय ठरवू लागतात. त्या काळात एक गोष्ट लक्षात येईल: दूरच्या दृश्यात फिल्मवर चौकटीपेक्षा थोडं जास्त येतं. चौकटी जवळच्या अंतराला जुळवलेल्या असतात म्हणून हे होतं, लेन्सचा त्यात दोष नाही. मग कॉन्टॅक्ट शीट समोर मांडून पाहावं. फोटो सतत कडेनं कापलेले वाटत असतील तर रुंद लेन्स हवी, मधला विषय सतत लहान राहत असेल तर लांब. सुरुवातीचे काही एम३ सोडले तर बहुतेक एम कॅमेऱ्यांच्या पुढच्या बाजूला एक छोटी कळ असते. ती ढकलली की लेन्स न बदलता दुसरी चौकट दिसते. पैसे खर्चण्याआधी ती कळ महिनाभर वापरून पाहावी. ९० ची चौकट ०.७२ खिडकीत इतकी लहान दिसते की ९० घ्यायच्या विचारातले बरेच जण या कळीपाशीच थांबतील, आणि एम३ वाले मात्र पुढे जातील, कारण त्यांच्या मोठ्या खिडकीत ९० आरामात दिसते.

एम३ वाल्याला खरोखरच ३५ हवी झाली तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे ३५ साठी एम२ ची दुसरी बॉडी. दोन बॉडी गळ्यात घालून फिरणाऱ्या वृत्तछायाचित्रकारांनी लेन्स बदलण्याचा वेळच वाचवला. दुसरी वाट लाइट्झने खास एम३ साठी काढलेल्या चष्मेवाल्या ३५ लेन्सची, सुमारॉन आणि सुमिक्रॉन दोन्हींत मिळणारी. तिच्यावर बसवलेली काचांची जोडी कॅमेऱ्याच्या दोन्ही खिडक्यांसमोर येते आणि ५० ची चौकट ३५ एवढं दृश्य दाखवू लागते. खिडकी किंचित मंद होते, लेन्स बोजड होते, पण किंमत साध्या ३५ पेक्षा सहसा कमी असते. ती घेताना दूरच्या इमारतीच्या कडेवर फोकस अनंतावर नेऊन दोन प्रतिमा उभ्या-आडव्या जुळतात का ते दुकानातच पाहावं, आणि चष्मा त्याच लेन्सचा आहे ना याची खात्री करून घ्यावी, कारण चष्मा हललेला किंवा बदललेला असेल तर फोकस कधीच नीट लागत नाही.